कर्ज फिटले, खरेदीखत मात्र बँकेतच

माझे गृहकर्ज फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ण फिटले आणि त्या घराचे मूळ खरेदीखत त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर माझ्या हाती आले. मधल्या काळात धुळ्यातील देवपूर भागातले ते घर माझे होते, घरपट्टी मी भरत होते, वीजबिल माझ्या नावाने येत होते, पण ते घर माझे असल्याचा मूळ पुरावा नेमका कोणत्या गावात, कोणत्या कपाटात आहे, हे मला किंवा माझ्या बँकेला सांगता येत नव्हते. बँकेचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण भरपाईची तक्रार अजून निकाली निघालेली नाही. शिवाय या अनुभवानंतर ओळखीच्या ज्या ज्या लोकांशी बोलले, त्यांतल्या अनेकांनी निरनिराळ्या बँकांविषयी थोड्याफार फरकाने हीच हकीकत सांगितली.

२०१४ साली कर्ज घेताना बँकेने आमच्याकडून जी कागदपत्रे ठेवून घेतली, त्यांत आमचे नोंदणीकृत खरेदीखत, त्याची नोंदणी पावती आणि सूची क्रमांक दोनचा उतारा, आधीच्या मालकाचे खरेदीखत, बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा इतके कागद होते. या व्यवहाराला कायद्याच्या भाषेत हक्कलेख, म्हणजे मालकीचे मूळ कागद, ठेवून केलेले गहाण म्हणतात आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ मध्ये त्याची व्याख्या आहे. त्याच कायद्याचे कलम ६० असे सांगते की गहाणाची रक्कम फेडल्यावर किंवा ती देऊ केल्यावर गहाण ठेवणाऱ्याला गहाणखत आणि गहाण घेणाऱ्याच्या ताब्यात असलेले मिळकतीचे सर्व कागद परत मागण्याचा हक्क आहे. म्हणजे कागद परत करणे ही बँकेची मेहेरबानी नव्हती आणि ती रिझर्व्ह बँकेने अलीकडे सुरू केलेली सवलतही नव्हती. हा हक्क कित्येक दशकांपासून कायद्यात आहे. उणीव इतकीच होती की किती दिवसांत परत करायचे आणि न केल्यास काय, याचे उत्तर सामान्य कर्जदाराला सांगता येईल अशा सोप्या स्वरूपात कुठे लिहिलेले नव्हते.

ती उणीव रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने भरून काढली. त्याआधी बँकांच्या ग्राहकसेवेचा आढावा घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने माजी डेप्युटी गव्हर्नर बी. पी. कानुंगो यांच्या अध्यक्षतेखाली २०२२ मध्ये समिती नेमली होती आणि कर्जफेडीनंतर कागदपत्रे परत करण्याला मुदत घालावी, मुदत चुकल्यास बँकेने कर्जदाराला भरपाई द्यावी, अशी शिफारस त्या समितीनेही केली होती. परिपत्रकाचा आशय थोडक्यात असा आहे की वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यापासून किंवा त्याची तडजोड पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांच्या आत बँकेने सर्व मूळ कागदपत्रे परत केली पाहिजेत आणि कोणत्याही नोंदवहीत नोंदवलेला बोजा काढून टाकला पाहिजे. कागद ज्या शाखेत कर्जखाते होते तेथून घ्यायचे की ते उपलब्ध असतील अशा दुसऱ्या कार्यालयातून, ही निवड कर्जदाराची असते. उशीर झाल्यास त्याचे कारण बँकेने कर्जदाराला कळवायचे असते आणि उशीर बँकेमुळे झाला असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये याप्रमाणे भरपाई द्यायची असते. येथे ‘वैयक्तिक कर्ज’ या शब्दांत गृहकर्ज आणि शैक्षणिक कर्जही येते. हा नियम सरकारी व खासगी बँकांबरोबरच नागरी सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका आणि गृहवित्त कंपन्या यांनाही लागू आहे.

हे परिपत्रक मी कर्ज फेडण्याच्या आधीच वाचले होते. सेवानिवृत्तीनंतर उपदानाची (ग्रॅच्युइटीची) रक्कम आली, तिच्यातून उरलेले कर्ज एकरकमी फेडायचे ठरले, तेव्हा शाखेत जाऊन मी नियमाचा उल्लेखही केला होता. तेथील लेखनिक माझा जुना विद्यार्थी निघाला. “बाई, काळजीच करू नका, कागद वरून मागवून घेतो, आले की मीच फोन करतो,” असे तो म्हणाला आणि तो खोटे बोलत होता असे मला आजही वाटत नाही. पण आपल्याकडच्या शाखांमध्ये हाच मोठा गुंता आहे. ओळखीचा माणूस आदराने बोलतो, चहा मागवतो, आणि त्या आदरापुढे आपल्याला लेखी अर्ज देणे, पोच मागणे उर्मटपणाचे वाटू लागते. महिना उलटतो, मग दुसरा उलटतो, आणि आपल्या हाती त्या सर्व गोड संभाषणाचा एक ओळीचाही पुरावा नसतो.

“वरून” म्हणजे कोठून, हे विचारले असता आधी नाशिक सांगण्यात आले, नंतर मुंबई. अनेक बँका आता गहाण कागद शाखेत ठेवत नाहीत. ते मध्यवर्ती साठवण केंद्रात पाठवले जातात, तेथे त्यांना सांकेतिक क्रमांक मिळतो आणि परत मागवताना शाखेला त्या क्रमांकावर मागणी नोंदवावी लागते. पद्धत म्हणून यात वावगे काही नाही. आग, वाळवी आणि पावसाळ्यातील गळती यांपासून कागद वाचतात. आमच्या बाबतीत अडचण अशी झाली होती की ज्या शाखेने कर्ज दिले, ती मधल्या वर्षांत दुसऱ्या शाखेत विलीन करण्यात आली होती, आणि आमचा लिफाफा विलीनीकरणाच्या आधी केंद्राकडे गेला की नंतर, याची नोंद सापडत नव्हती. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांनी दारोदार फिरून जमवलेले शेकडो वर्षांपूर्वीचे कागद आजही जपले जातात, त्याच धुळ्यात एका बँकेला दहा वर्षांपूर्वी स्वतः पोच देऊन घेतलेला लिफाफा सापडू नये, याचे मला रागापेक्षा आश्चर्यच अधिक वाटले.

कागद सापडत नाहीत हे शाखेने पहिल्यांदा कबूल केले नाही. त्याआधी नियमच मला लागू नाही असे सांगून पाहिले. शाखाधिकारी म्हणाले की मॅडम, तुमचे कर्ज २०१४ चे आहे आणि हा नियम नव्या कर्जांसाठी आहे. हा युक्तिवाद इतक्या ठिकाणी ऐकायला मिळतो की त्याचा उगम कुठे आहे हे नीट सांगितले पाहिजे. परिपत्रकात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कागद कधी व कोठे परत मिळतील याचा उल्लेख मंजुरीपत्रातच करावा, ही अट अंमलाच्या तारखेपासून पुढे दिल्या जाणाऱ्या मंजुरीपत्रांसाठी आहे. परंतु ३० दिवसांची मुदत आणि ५,००० रुपयांची भरपाई ही ज्या ज्या प्रकरणात मूळ कागद परत करण्याची वेळ १ डिसेंबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर आली, त्या सर्वांना लागू आहे. कर्ज कधी घेतले याला येथे महत्त्व नाही, ते कधी फिटले याला आहे. मी परिपत्रकाची छापील प्रत समोर ठेवून दोन्ही परिच्छेद वाचून दाखवले, तेव्हा तो मुद्दा पुन्हा निघाला नाही.

मग दिवस मोजण्याचा प्रश्न पुढे आला. शाखेच्या मते ३० दिवस बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे उरले नसल्याचे पत्र, दिल्यापासून मोजायचे होते, आणि बेबाकी दाखला त्यांनी पूर्ण रक्कम जमा झाल्यावर बऱ्याच उशिरा दिला होता, कारण खात्यावर व्याजाचे काही किरकोळ रुपये शिल्लक दिसत होते. कर्ज बंद करताना काढून दिलेल्या रकमेच्या पत्रकात ते रुपये त्यांनीच धरले नव्हते. परिपत्रकातील शब्द पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवस असे आहेत, दाखला दिल्यानंतर असे नाहीत. बँकेला स्वतःचा दाखला लांबवून मुदतही लांबवता आली, तर मुदत घालण्याला अर्थच उरणार नाही. म्हणून कर्ज बंद करणाऱ्याने परतफेडीच्या रकमेचे लेखी पत्रक तारखेसह घ्यावे, त्यातील रक्कम त्याच दिवशी भरावी, आणि भरल्यावर खाते शून्य झाल्याचा उतारा त्याच आठवड्यात काढून ठेवावा. माझ्या प्रकरणात पुढे जो काही आधार मिळाला, तो या दोन कागदांनी दिला.

या सगळ्यात ज्या प्रसंगावर मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते, तो उन्हाळ्याच्या सुट्टीतला आहे. शाखेतून फोन आला की मार्ग निघाला आहे, एक अर्ज टाइप करून ठेवला आहे, फक्त सही करून जा. अर्ज पोलीस ठाण्याच्या नावाने होता. त्यात लिहिले होते की माझ्या मालकीच्या घराचे मूळ खरेदीखत प्रवासात माझ्याकडून गहाळ झाले आहे, तरी गहाळ दाखला मिळावा. त्या दाखल्यावर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देता येईल, दुय्यम निबंधक कार्यालयातून खरेदीखताची प्रमाणित प्रत काढता येईल आणि सगळे सुरळीत होईल, असे मला समजावण्यात आले. खर्च किती येईल हेही सांगितले. तो मीच करायचा होता.

ज्या वस्तूला दहा वर्षे माझा हात लागलेला नाही ती माझ्याकडून हरवली असे पोलिसांना लिहून देणे म्हणजे खोटी माहिती देणे होते. पण त्याहूनही गंभीर परिणाम पुढचा होता. एकदा ती सही झाली की कागद बँकेच्या ताब्यात असताना हरवले, या गोष्टीचा एकमेव प्रामाणिक पुरावा माझ्याच हाताने पुसला गेला असता. नंतर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालापुढे किंवा ग्राहक आयोगापुढे बँक तोच दाखला ठेवून म्हणाली असती की कर्जदाराने स्वतःच कबूल केले आहे. शाखाधिकाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. वरिष्ठांना कागद हरवल्याचे लेखी कळवण्यापेक्षा ग्राहकाची एक सही घेणे त्यांना सोपे वाटले असणार. परंतु खानदेशात साहेबांनी पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करण्याची जी जुनी सवय आहे, ती लक्षात घेतली तर असे अर्ज आजवर किती जणांकडून सही करून घेतले गेले असतील, या विचाराने मी अस्वस्थ होते.

परिपत्रक याबाबत अगदी स्पष्ट आहे. मूळ कागद बँकेकडून हरवले किंवा खराब झाले, तर त्यांच्या दुय्यम किंवा प्रमाणित प्रती मिळवण्यासाठी बँकेने कर्जदाराला मदत करायची, त्याचा सगळा खर्च बँकेने सोसायचा आणि वर भरपाईही द्यायची. फक्त या कामासाठी बँकेला आणखी ३० दिवस मिळतात आणि भरपाईचे दिवस एकूण ६० दिवसांनंतर मोजले जातात. त्यामुळे कागद हरवले असतील तर पोलिसांत तक्रार बँकेने स्वतःच्या नावाने द्यायला हवी, जाहीर नोटिशीत ते बँकेच्या ताब्यातून गहाळ झाल्याचे लिहायला हवे, आणि उद्या तो मूळ कागद कुणाच्या हाती लागून गैरवापर झाला तर जबाबदारी घेणारे बंधपत्रही बँकेने द्यायला हवे. मी हे सर्व एका पत्रात लिहिले आणि त्या पत्राची पोच घेतली.

प्रमाणित प्रत असली की काम भागते, असे अनेकांना वाटते. नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे दुय्यम निबंधकाकडून मिळालेली प्रमाणित प्रत मूळ दस्तातील मजकुराचा पुरावा म्हणून चालते, हे खरे आहे. पण बाजार कायद्याच्या पुस्तकावर चालत नाही. घर विकत घेणाऱ्याला स्वतः कर्ज काढायचे असते, त्याच्या बँकेचा वकील मूळ दस्त मागतो, आणि मूळ दस्त नसला की पहिली शंका अशी येते की तो दुसऱ्या कुणाकडे गहाण तर नाही ना. आमच्या घराला साक्री रस्त्यावर राहणारे एक गिऱ्हाईक तयार झाले होते, इसार देण्याची बोलणी झाली होती, पण मूळ खरेदीखत दाखवता येईना म्हणून त्यांनी काही आठवडे वाट पाहून दुसरे घर घेतले. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच केले असते. हरवलेल्या हक्कलेखांमुळे मिळकतीचे मोल कमी होते, ही गोष्ट ग्राहक आयोगांनीही मान्य केली आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने बंगळुरूच्या एका कर्जदाराला, त्याची मूळ कागदपत्रे साठवण केंद्राकडे नेताना कुरिअरकडून हरवली म्हणून, बँकेने २५ लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. कुरिअरने हरवले हा बचाव तेथे बँकेच्या उपयोगी पडला नाही.

पत्राला शाखेने उत्तर दिले नाही, म्हणून मी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेले. लोकपालाकडे जाण्याआधी ही पायरी चढावीच लागते, आणि तेथे घाई केली तर तक्रार त्याच कारणाने फेटाळली जाते. तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेनुसार आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले तर मगच लोकपालाकडे जायचे, आणि तेही साधारण वर्षाच्या आत, अशी पद्धत होती. तक्रारीला शुल्क नाही, ती रिझर्व्ह बँकेच्या तक्रार संकेतस्थळावर नोंदवता येते किंवा चंदीगडच्या केंद्राकडे टपालानेही पाठवता येते. वकिलामार्फत केलेली तक्रार मात्र तेथे चालत नाही, ती स्वतः किंवा वकील नसलेल्या अधिकृत प्रतिनिधीमार्फत करावी लागते. प्रत्यक्ष नुकसानीपोटी २० लाखांपर्यंत आणि मनस्तापापोटी १ लाखापर्यंत रक्कम देण्याचा अधिकार त्या योजनेत लोकपालाला होता. ज्यांना ग्राहक आयोगाचा मार्ग धरायचा असेल त्यांना दोन वर्षांची मुदत असते. एकाच तक्रारीसाठी दोन्ही दारे एकाच वेळी ठोठावता येत नाहीत, हे आधीच ठरवून घेतलेले बरे.

तक्रारीच्या मसुद्यात मी दुःख, मनस्ताप, वय यांचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदावर ढकलला. सुरुवातीला फक्त तारखा लिहिल्या: रक्कम कधी भरली, खाते कधी शून्य झाले, ३० दिवस कधी संपले, उशिराचे कारण लेखी मागितल्याची पोच कोणत्या तारखेची आहे, आणि त्या पोचेनंतरही कारण कळवलेले नाही. परिपत्रकाने कारण कळवण्याचे बंधन बँकेवर घातले आहे, या एका वाक्याचा उपयोग लोकांना पुरेसा माहीत नाही. ५,००० रुपयांचा आकडा सर्वांना पाठ असतो, पण तो आकडा लागू होण्यासाठी उशीर बँकेमुळे झाला हे ठरावे लागते, आणि ते ठरण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे बँकेला कारण लिहायला लावणे. बँकेने लिहून दिले तर त्या कारणाची शहानिशा करता येते. लिहून दिले नाही, तर तेच तिच्या विरोधात जाते. तोंडी कारणांना मात्र अंत नसतो.

विभागीय कार्यालयातून चौकशी सुरू झाल्यावर कागद सापडले, आणि ते ना नाशिकला होते ना मुंबईला. विलीन झालेल्या शाखेचे जुने दप्तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या शाखेत नेऊन ठेवले होते, त्यात बंद खात्यांच्या गठ्ठ्यात आमचा लिफाफा होता. कागद ताब्यात घेताना मला छापील पोचपावतीवर “सर्व कागदपत्रे मिळाली” या वाक्याखाली सही करायला सांगितले. २०१४ साली कागद जमा करताना बँकेने दिलेली यादी मी सोबत नेली होती. त्या यादीप्रमाणे एकेक कागद, आणि खरेदीखताचे एकेक पान, तेथेच बसून तपासले. आधीच्या मालकाचे खरेदीखत लिफाफ्यात नव्हते. मिळकतीची मालकी कुणाकडून कुणाकडे आली हे दाखवणाऱ्या साखळीतला तो कागद असल्याने त्याचे महत्त्व आमच्या खरेदीखताएवढेच आहे. मी छापील वाक्य खोडून, कोणते कागद मिळाले आणि कोणता मिळाला नाही हे हाताने लिहिले, त्यावर शाखाधिकाऱ्यांची सही घेतली आणि मगच स्वतः सही केली. त्या दस्ताची प्रमाणित प्रत नंतर बँकेने स्वतःच्या खर्चाने काढून दिली. ज्यांचे कर्ज अजून चालू आहे, त्यांनी आपल्याकडे ही यादी आहे का ते आजच पाहावे. नसेल तर शाखेकडे अर्ज करून सही-शिक्क्याची यादी मागावी. कर्ज चालू असताना ती मिळणे जितके सोपे असते, तितके कर्ज फिटल्यावर राहत नाही.

कागद मिळाले म्हणून घर पूर्ण मोकळे झाले असे होत नाही. गृहकर्जाची नोंद बँकांच्या कर्जवसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे बोलीभाषेत ‘सरसाई’मध्ये, बँकेने केलेली असते, आणि ती रद्द करण्याचे काम फक्त बँकच करू शकते. ३० दिवसांत ही नोंद रद्द न केल्यासही त्याच दराने भरपाई लागू होते, ही गोष्ट परिपत्रकात आहे पण शाखांमध्ये तिची आठवण क्वचितच कुणाला असते. आमच्या बाबतीत कागद हाती आल्यावरही ही नोंद तशीच होती. याखेरीज १ एप्रिल २०१३ पासून महाराष्ट्रात हक्कलेख ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते, त्यामुळे मिळकतीचा शोध घेणाऱ्या वकिलाला आमचे कर्ज तेथेही दिसत होते. आणि नगर भूमापन कार्यालयाच्या मिळकत पत्रिकेवर बँकेचा बोजा होता, तो वेगळाच. एका कर्जाच्या खुणा इतक्या ठिकाणी उमटतात आणि कर्ज फिटल्यावर त्या पुसण्यासाठी प्रत्येक ठिकाणी बँकेचे पत्र लागते, म्हणून ही सर्व पत्रे बेबाकी दाखल्याबरोबरच मागून घ्यावीत.

माझा धाकटा भाऊ पारोळा तालुक्यात कापूस करतो. त्याला ही सारी हकीकत सांगितली तेव्हा तो म्हणाला की आक्का, तुझे बरे आहे, तुला दिवसाला ५,००० तरी मागता येतात. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. गावच्या विकास सोसायटीचे पीककर्ज हे शेतीकर्ज असते, ते या परिपत्रकातील वैयक्तिक कर्जाच्या व्याख्येत बसत नाही. तेथे बहुधा मूळ खरेदीखत कुणी ठेवून घेत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे सभासदाच्या घोषणापत्रावर जमिनीवर बोजा चढतो आणि तो सात-बाराच्या इतर हक्कात दिसतो. कर्ज फिटले तरी बोजा आपोआप उतरत नाही. सोसायटीचा किंवा बँकेचा बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज करावा लागतो, मग फेरफार धरला जातो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. हा अर्ज बँकांना ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून थेट करता येतो, पण सुविधा असणे आणि सोसायटीच्या सचिवाने ती वापरणे यांत अंतर आहे. भावाच्या सात-बारावर एका फार पूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा होता आणि तो त्याला विहिरीसाठी नवे कर्ज काढायला गेल्यावरच कळला. शेतकऱ्याच्या बोज्यालाही अशीच मुदत आणि अशीच भरपाई लावायला हरकत काय आहे, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेले नाही. रक्कम कमी ठेवा हवी तर, पण मुदत असायलाच हवी.

कर्जदार हयात नसेल तर काय, हा प्रश्न आमच्या गल्लीतल्या एका काकूंमुळे समोर आला. काकांच्या पश्चात विम्याच्या रकमेतून कर्ज फिटले, आणि बँक काकूंकडे न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र मागत राहिली. कायदेशीर वारसांना कागद परत करण्याची निश्चित कार्यपद्धती प्रत्येक बँकेने आखून ती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी, असे परिपत्रकच सांगते. काकूंच्या मुलीने ती कार्यपद्धती शोधून छापून नेली. त्यात वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची संमती पुरेशी असल्याचे लिहिलेले होते. कागद महिन्याच्या आत मिळाले. शाखेला स्वतःच्या बँकेचा नियम दाखवावा लागतो, हे विचित्र वाटले तरी उपयोगी पडते.

माझ्या भरपाईबाबत बँकेचे आजचे म्हणणे असे आहे की कागद हरवले होते असे समजून आपल्याला ६० दिवसांची सवलत मिळावी, आणि दिवस बेबाकी दाखल्याच्या तारखेपासून धरावेत. माझे म्हणणे असे आहे की कागद हरवलेच नव्हते, ते बँकेच्याच शाखेत होते, त्यामुळे ६० दिवसांची तरतूद फक्त न सापडलेल्या एका दस्तापुरती लागू होईल, आणि बाकी सर्वांसाठी मुदत खाते शून्य झाल्यापासून ३० दिवसांनी संपली. ‘सरसाई’तील नोंद रद्द व्हायला जो आणखी उशीर झाला, तोही मी मागणीत धरला आहे. परिपत्रकातील भरपाईमुळे इतर कायद्यांखाली नुकसानभरपाई मागण्याचा हक्क जात नाही, असे त्यातच म्हटले आहे, म्हणून मोडलेल्या विक्रीचा मुद्दा मी वेगळा मांडला आहे. लोकपाल कार्यालयाने बँकेकडून विलीनीकरणाच्या वेळच्या दप्तर हस्तांतरणाची यादी मागवली आहे. आमचा लिफाफा त्या यादीत असेल, तर तो कुठे आहे हे बँकेला पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवे होते. यादीत नसेल, तर तो त्या शाखेत कसा गेला याचा खुलासा बँकेला करावा लागेल. ती यादी अद्याप सादर झालेली नाही आणि बँकेने त्यासाठी मुदतवाढ मागितली आहे.